आल्याच्या कुळातली फुलझाडं: पावसात वाढवा, उन्हाळ्यात निजू द्या

मंडळी, मागीलदारी हळद नाही असं घर आपल्याकडे सापडणं कठीण. नागपंचमीच्या पातोळ्यांना पानं हवीत, म्हणून तरी चार गड्डे लावलेले असतात. पण त्याच कुळातली फुलझाडं म्हटली की, 'आमच्याकडे नाही हो जगत' हेच ऐकू येतं. मला ते पटत नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, दमट हवा, पोफळीची सावली, यांना आणखी काय हवं? ही झाडं मरतात ती पाऊस गेल्यावर, आणि बहुतेक वेळा मायेनं घातलेल्या पाण्यानंच.

रानहळद घ्या. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुलं आणि वर गुलाबी-जांभळा तुरा. दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात, महिन्याभरात वर काहीच उरत नाही. झाड मेलेलं नसतं, निजलेलं असतं. आपण मात्र माडाला शिंपणं लावताना तिथंही पाणी सोडतो. पान नाही म्हणजे पाणी ओढून घेणारं कोणी नाही. ओलसर मातीत गड्डा मऊ होतो, कुजतो, हात लावला की घाण वास येतो. म्हणून पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करायचं आणि वाळली की थांबवायचं. हिरवं पान मात्र कापू नका, पुढच्या वर्षाचं अन्न त्यातूनच खाली उतरतं. कुंडी असेल तर पडवीत कोरडी ठेवा.

भुईचाफ्याचं आणखी वेगळं. त्याची फुलं चैत्र-वैशाखात, पानं येण्याआधी, थेट जमिनीतून वर येतात. तोवर जागा रिकामी दिसते आणि कोणीतरी तिथं कुदळ घालतो. लावलंत तिथं काठी रोवून ठेवा.

लाल अल्पिनिया आणि टॉर्च जिंजर या परदेशी पाहुण्यांना ही झोप माहीत नाही. मलेशिया-इंडोनेशियाकडे आणि त्यापलीकडच्या बेटांवर बारमाही ओल असते, तिथली ही झाडं. यांना मार्च ते मे पाणी हवंच, आणि दुपारचं ऊन नको. किनाऱ्यालगत घर असेल तर खाऱ्या वाऱ्यानं पानांची टोकं करपतात, तेव्हा घराच्या आडोशाला लावा. अल्पिनियाचा लाल तुरा जुना झाला तरी फेकू नका. त्यावरच छोटी रोपं फुटतात, ती मुळासकट अलगद सोडवून लावली की झालं.

सोनटक्का निजणाऱ्या आणि न निजणाऱ्या झाडांच्या मधला. त्याला ओल प्रिय, म्हणून जुन्या बायका तो न्हाणीच्या सांडपाण्यावर लावत, आणि ती जागा अगदी अचूक होती. त्या फुलाची रुंद पांढरी पाकळी वाटते ना, ती मुळात पाकळी नाही. रूप बदललेले पुंकेसर आहेत ते. संध्याकाळी फूल उमलतं, वास सुटतो, पतंग येतात. एक दांडा एकदाच फुलतो, म्हणून फुलून गेलेला दांडा बुंध्याशी कापा, नव्या कोंबांना जागा होते. मधला सुरळीचा कोंबच सुकला आणि दांड्याला भोक दिसलं, तर तो खोडकिडा. तो दांडा कापून जाळून टाका.

एक कळकळीची विनंती. उपटलेले सोनटक्क्याचे गड्डे पऱ्ह्यात टाकू नका. ब्राझील आणि हवाईमध्ये ओढ्याकाठी हेच झाड इतकं माजलंय की तिथल्या मूळ झाडांना जागा उरत नाही. आणि उलट बाजूनं, घाटातल्या कड्यावरची रानहळद उपटून आणू नका. बाजारातल्या तुऱ्यासाठी ती गड्ड्यासकट ओरबाडली जाते याचं मला फार वाईट वाटतं. तुरा कापला तर झाड राहतं, गड्डा गेला की तिथलं बेटच संपलं.

लावणी रोहिणीत, पहिल्या सरींच्या सुमारास. गड्ड्याच्या प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे हवेत. दोन-तीन इंचांपेक्षा खोल पुरू नका. जांभ्याच्या मातीत शेणखत आणि पालापाचोळा भरपूर घाला, पण पागोळ्यांचं पाणी साचेल अशी जागा रानहळदीला देऊ नका. माझ्या वाडीतलं बेट दाट झालंय, ते यंदा फोडायचं आहे. ज्यांना हवंय त्यांनी मे अखेरीस पिशवी घेऊन या.