स्कॉलरशिपच्या अर्जातला तो पाचशे शब्दांचा बॉक्स

नमस्कार. आज आपण बोलणार आहोत स्कॉलरशिपच्या अर्जातल्या त्या निबंधाबद्दल, ज्याला कुणी स्टेटमेंट ऑफ पर्पज म्हणतं, कुणी मोटिव्हेशन लेटर, आणि काही फॉर्ममध्ये तर नुसता एक रिकामा बॉक्स असतो, तुमची उद्दिष्टं काय आणि ही स्कॉलरशिप तुम्हाला का हवी ते पाचशे शब्दांत लिहा. मार्कशीटा, सर्टिफिकेटं, शिफारसपत्रं गोळा करणं हे धावपळीचं काम आहे पण ते होऊन जातं, या बॉक्सपाशी आलं की मात्र चांगली चांगली मुलं अडकतात. मी बरीच वर्षं हे निबंध वाचतेय, मुलांसोबत बसून ते परत परत लिहून घेतेय, आणि त्यातून माझं एक ठाम मत झालंय ते आज तुमच्यासमोर मांडते.

बहुतेक जण लिहायला बसले की पहिला प्रश्न विचारतात, निवड समितीला काय वाचायला आवडेल? मग इंटरनेटवर नमुने शोधायचे, सिलेक्ट झालेल्या कुणाचा तरी निबंध मिळवायचा, आता तर चॅटजीपीटीला सांगितलं की दोन मिनिटांत तयार. आणि मग समितीपुढे शेकडो निबंध असे येतात की ज्यात प्रत्येकाला लहानपणापासून त्या विषयाची आवड आहे, प्रत्येकाला समाजासाठी काहीतरी करायचंय आणि प्रत्येकाला जागतिक दर्जाचं शिक्षण घ्यायचंय. यातलं काही खोटं नसतं हो, खरंच वाटत असतं मुलांना तसं. पण ते वाक्य कुणाच्याही नावाखाली चालतं, आणि जे कुणाच्याही नावाखाली चालतं त्यावरून तुमची निवड कुणी कशी करणार?

म्हणून माझं म्हणणं असं की समितीला थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी स्वतःला विचारा, अशी कुठली गोष्ट आहे जी मला खटकते, जिचा पिच्छा मला सोडता येत नाहीये, आणि ती सोडवायला मला आत्ता नेमकं काय येत नाही? हे 'काय येत नाही' फार महत्त्वाचं आहे, कारण तिथेच कोर्स येतो, तिथेच युनिव्हर्सिटी येते, आणि त्यानंतर पैसे येतात. बहुतेक अर्जांत हा मधला दुवाच गायब असतो. वर प्रेरणा, खाली स्वप्न, आणि मध्ये हा कोर्स कशाला हे कुठेच नाही.

आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांपैकी एक घ्या. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेत पोचल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलेलं होतं, म्हणजे प्रेरणा कुठून आली हे आपण समजू शकतो. पण पत्रात त्या काय लिहितात बघा. आपल्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची फार गरज आहे, पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात, त्यांना ती मदत द्यायला मी आलेय. शिवाय प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन हेही त्या स्वतःच सांगतात आणि माझी परिस्थिती वेगळी आहे ती लक्षात घ्या अशी विनंती करतात. आता यात किती गोष्टी आल्या ते मोजा, कुणासाठी, त्यांचं अडलंय काय, ते अडण्याचं कारण काय, आणि ते कारण दूर व्हायला एका बाईनेच डॉक्टर होणं का गरजेचं आहे. शिक्षण आणि ध्येय यांच्यात फटच नाहीये. 1886 साली त्या एम.डी. झाल्या. मला दरवेळी वाटतं की आज कुणी मोटिव्हेशन लेटर शिकवत असेल तर त्याने त्या पत्रापासून सुरुवात करावी.

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, आमच्या आयुष्यात एवढं मोठं काही घडलेलंच नाही. हे मला इतक्या मुलांनी ऐकवलंय, आणि ते बरोबर नाही असं मी मनापासून सांगते. एक मुलगी आली होती, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्ससाठी अर्ज करत होती, पहिल्या ड्राफ्टमध्ये आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क आहे वगैरे छान छान लिहिलेलं. मी विचारलं, तुला कधी कळलं की हा तुझा विषय आहे? ती गप्प. मग बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यात सहज निघालं की घरी आजीच्या गोळ्या हीच सांभाळते. आजीला पाकिटावरचं वाचता येत नाही, म्हणून हिने प्रत्येक स्ट्रिपवर टिकल्या लावल्या होत्या, सकाळच्या गोळीला लाल, रात्रीच्या गोळीला निळी. सगळं नीट चाललेलं. मग एकदा दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं, नाव वेगळं, पाकिटाचा रंग वेगळा, आणि आजी जुनी स्ट्रिप संपली नव्हती म्हणून तीही घेत राहिली आणि नवीनही, म्हणजे एकच औषध दुप्पट. चक्कर येऊन पडली तेव्हा घरात कळलं. हे सांगताना ती मुलगी म्हणाली की त्यानंतर मी ज्यांच्या ज्यांच्या घरी जाते तिथे म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचा डबा उघडून बघते, सवयच लागलीये.

मी म्हटलं, अगं हाच तुझा निबंध आहे! ती म्हणे, एवढीशी गोष्ट? पण त्या एवढ्याशा गोष्टीत पुढचं सगळं होतं. ज्यांना वाचता येत नाही किंवा नीट दिसत नाही त्यांना औषधाची माहिती कशी पोचते, ब्रँड बदलला की गोंधळ कुठे होतो, टिकल्यांसारखा उपाय कधी चालतो आणि कधी फसतो, हे तपासायचं तर आकडेवारी यायला पाहिजे, सर्व्हे कसा करायचा ते यायला पाहिजे, आणि ते तिला येत नव्हतं. झालं, कोर्स का हवा याचं उत्तर आपोआप मिळालं. तिने नंतर युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर जाऊन कुठले पेपर्स यात उपयोगी पडतील ते शोधलं, कोण प्राध्यापक या विषयावर काम करतात ते वाचलं, आणि 'जागतिक दर्जाचं शिक्षण' हे शब्द तिच्या निबंधातून आपोआप गळून पडले. त्यांची गरजच उरली नाही.

ध्येय किती मोठं लिहावं हा पुढचा प्रश्न. मला वाटतं दोन अंतरं लिहावीत, कोर्स संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षं कुठे, कुणाबरोबर, काय काम करणार हे अगदी जवळून, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांचं जरा लांबून. जवळचं जितकं पक्कं लिहाल तितका लांबच्यावर विश्वास बसतो. मला देशाचं आरोग्य धोरण बदलायचंय हे वाक्य एकटं उभं राहत नाही, पण आधी अमुक प्रकारच्या दवाखान्यांत औषधाच्या चुका मोजायच्या आहेत असं असेल तर तेच वाक्य वाचणाऱ्याला पटतं.

आता जरा समोरच्या बाजूचं बोलू, कारण पैसे देणाऱ्यालाही काहीतरी हवं असतं आणि ते समजून घेण्यात कमीपणा नाही. अमेरिकेची फुलब्राइट स्कॉलरशिप बघा. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचं युद्धाचं उरलेलं सामान परदेशांत पडून होतं, ते विकून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीसाठी वापरावा ही सिनेटर विल्यम फुलब्राइट यांची कल्पना, आणि 1946 साली त्याचा कायदा झाला. दोन देशांतल्या माणसांनी एकमेकांना ओळखावं हा त्यामागचा हेतू, त्यामुळे तिथे नुसतं माझं संशोधन, माझी लॅब एवढंच लिहिलं तर अर्ज अर्धवट वाटतो. ब्रिटनच्या चेवनिंगला उद्याचे नेते हवे असतात, म्हणून तिथे नेतृत्व, माणसं जोडणं, करिअरचा प्लॅन यावर वेगवेगळं लिहायला लावतात, आणि शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते. डाड (DAAD) ही जर्मनीची स्कॉलरशिप देणारी संस्था, तिथे देशांच्या विकासाशी संबंधित कोर्सेसना साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागतात, कारण काम करताना अडलेला माणूस त्यांना हवाय. गेट्स केंब्रिजच्या निकषांत तर हाच कोर्स का निवडला हा वेगळा मुद्दाच आहे, आणि दुसऱ्यांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी हा आणखी एक.

म्हणजे एकच निबंध सगळीकडे चिकटवणं चालत नाही. पण याचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा माणूस बनायचं असाही नाही, हं. तुमची गोष्ट तीच राहते, तिची कुठली बाजू पुढे आणायची ते बदलतं, आणि एखाद्या स्कॉलरशिपच्या हेतूशी तुमचं खरंच जमत नसेल, म्हणजे परत यायचंच नाही असं मनात पक्कं असेल आणि अट परत येण्याची असेल, तर तिथे अर्ज करू नका. इंटरव्ह्यूमध्ये सावरून न्याल कदाचित, पण ती जागा परत येऊ इच्छिणाऱ्या दुसऱ्या कुणाची तरी होती.

पैशाबद्दल बोलायला मुलं फार लाजतात, आणि याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. घरची परिस्थिती लिहिली तर दया मागितल्यासारखं होईल, नाही लिहिली तर गरज कळणार नाही, या कात्रीत मग एक गुळमुळीत वाक्य येतं, 'आर्थिक अडचणींमुळे मला मदतीची आवश्यकता आहे'. असं नका करू. घरात कमावणारं कोण, उत्पन्न किती, फी आणि राहण्याचा खर्च किती, कमी किती पडतात, आणि ते मिळाले नाहीत तर नेमकं काय होईल, एवढं सरळ चार-पाच वाक्यांत लिहा, रडगाणं नको आणि लपवाछपवीही नको. शिक्षणासाठी पैसे लागणं ही शरमेची गोष्ट कधीच नव्हती. मेरी क्युरी, तेव्हाची मारिया स्क्लोदोव्स्का, 1893 साली पॅरिसमध्ये फिजिक्सच्या परीक्षेत पहिली आली आणि तरी पुढे शिकायला परत जायचे पैसे तिच्याकडे नव्हते. सहाशे रुबलची अलेक्झांड्रोविच स्कॉलरशिप मिळाली म्हणून ती परत जाऊ शकली आणि पुढच्याच वर्षी गणिताची पदवीही घेतली. नंतर स्वतःची कमाई सुरू झाल्यावर तिने ते पैसे परत केले, तसं कुणी मागितलं नव्हतं, पण आपल्यासारखी आणखी कुणीतरी वाट बघत असेल हे तिला माहीत होतं. ही गोष्ट वाचली की मला नेहमी वाटतं की स्कॉलरशिप घेणारा माणूस याचक नसतो, तो एका रांगेत उभा असतो आणि त्याच्या मागेही कुणीतरी असतं.

आणि बाबासाहेबांचं तर सांगायलाच हवं. 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाची स्कॉलरशिप, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार. कोलंबिया युनिव्हर्सिटीत 1915 साली एम.ए. झालं, पुढे लंडनला गेले, आणि 1917 मध्ये स्कॉलरशिपची मुदत संपल्यामुळे अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. करार पाळायला बडोद्याला गेले तर जातीमुळे राहायला जागा मिळेना, नोकरी सोडावी लागली. तरी 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि 1923 साली डी.एस्सी. पूर्ण केली. मुलांना मी हे अशासाठी सांगते की त्या पैशाने शिक्षणाचं दार उघडलं हे खरंच, पण पैसे थांबले म्हणून अभ्यास कायमचा थांबला नाही, कारण काय शिकायचंय आणि कशासाठी हे स्कॉलरशिपच्या अर्जाने ठरवलेलं नव्हतं. तुमच्या निबंधातही वाचणाऱ्याला हे दिसलं पाहिजे, की आम्ही नाही म्हटलं तरी ही मुलगी, हा मुलगा कुठल्या ना कुठल्या रस्त्याने याच कामाकडे जाणार आहे, आम्ही दिले तर लवकर पोचेल इतकंच. म्हणून आत्तापर्यंत विनापैशाचं, विनासर्टिफिकेटचं जे काही केलं असेल, स्ट्रिपवर टिकल्या लावण्यापासून, ते लिहा.

मघाशी एकाने चिठ्ठी पाठवलीये, पुढे जाऊन ध्येय बदललं तर काय, आत्ता लिहिलेलं खोटं ठरेल का? चांगला प्रश्न आहे. नाही ठरणार. अर्ज वाचणाऱ्यांनाही माहीत असतं की माणूस शिकायला गेला की बदलतो, त्यासाठीच तर पाठवतात. त्यांना बघायचं असतं की आज हातात असलेल्या माहितीवर तुम्ही किती खोलवर विचार केलाय, आणि तो करता आला तर नवी माहिती आल्यावर परत करता येईल. इंटरव्ह्यूमध्ये हाच प्रश्न आला तर सरळ सांगा की हो, बदलू शकतं, आणि अमुक अमुक कळलं तर मी दिशा बदलेन. हे 'अमुक' काय ते मात्र आधीच माहीत हवं, त्यावर घरी बसून कागद-पेन घेऊन विचार करा, फोन बाजूला ठेवून. बरं, मागून अजून दोन हात वर दिसताहेत, त्यांना माइक द्या.