न कोसळणाऱ्या प्रोग्राममधली चूक

[पडद्यावर: अंधारलेलं न्यूयॉर्क, पायी घरी निघालेली गर्दी]

14 ऑगस्ट 2003. अमेरिकेतली आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे 5 कोटी लोकांची वीज गेली. कारणं बरीच होती, वाढलेल्या झाडांना टेकलेल्या तारा हे त्यातलंच एक. पण ओहायोतल्या फर्स्टएनर्जीच्या कंट्रोल रूममध्ये दुपारी सव्वादोनच्या सुमारास अलार्म यंत्रणाच बंद पडली होती. तासाहून जास्त वेळ ऑपरेटरांना त्याचा पत्ताच नव्हता. अलार्म वाजत नाही, म्हणजे सगळं ठीक असणार!

चूक सापडायला कित्येक आठवडे लागले. दोन प्रोसेसना, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांना, एकाच डेटावर एकाच वेळी लिहिता येत होतं, आणि तेही मिलिसेकंदांच्या फटीत. डेटा बिघडला आणि अलार्मचा प्रोग्राम इन्फिनिट लूपमध्ये, म्हणजे कधीच न संपणाऱ्या फेऱ्यांमध्ये, अडकला. ती फट पकडण्यासाठी इंजिनिअरांनी कोडमध्ये मुद्दाम विलंब घातले.

[पडद्यावर: कोडची एकच ओळ, काउंटरमध्ये एक मिळवणारी]

ही ओळ बघा. आपल्याला ती एक क्रिया वाटते, पण प्रत्यक्षात तीन घडतात: वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धारांनी, एकदमच 41 वाचलं, तर दोघंही 42 लिहितात. यायला हवे होते 43. एरर नाही, क्रॅश नाही. पुन्हा चालवा, कदाचित 43 येईलही.

म्हणून टेस्ट पास झाली एवढ्यावर विसंबून चालत नाही. अशा चुकीला ‘रेस’ म्हणतात, आणि ती शोधणारा रेस डिटेक्टर उत्तर तपासतच नाही, तो क्रम तपासतो. कुठली घटना कुठल्या घटनेच्या आधी घडली असं खात्रीनं म्हणता येतं, हा विचार संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये मांडला. गूगलमध्ये तयार झालेला थ्रेडसॅनिटायझर हा रेस डिटेक्टर त्यावरच उभा आहे. मेमरीत होणाऱ्या वाचण्या-लिहिण्यांपाशी कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, नोंद घेणारा कोड पेरतो. दर 8 बाइटमागे, अलीकडे कुठल्या थ्रेडनं हात लावला याची नोंद राहते. जागा एकच, थ्रेड दोन, त्यातला निदान एक लिहिणारा आणि मध्ये लॉकसारखा (एका वेळी एकालाच आत सोडणारा) दुवा नाही, की लगेच इशारा! दोन्ही ओळींच्या क्रमांकांसकट. त्या वेळी उत्तर अगदी बरोबर आलेलं असलं तरीही. या तंत्राचं खरं मोल मला इथंच दिसतं.

अर्थात प्रोग्राम 5 ते 15 पट मंदावतो आणि मेमरीही कितीतरी पट जास्त लागते. त्यामुळे हे सहसा टेस्टिंगमध्येच वापरतात. लिनक्स कर्नलनं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, 2020 मध्ये वेगळी वाट धरली. तिथला डिटेक्टर अधूनमधून एखादी जागा निवडतो, तिथं पोचलेल्या थ्रेडला क्षणभर थांबवतो आणि तेवढ्यात दुसरं कुणी तिथं येतंय का, ते पाहतो.

पण जो कोड चाललाच नाही, तो यांपैकी कुणालाच तपासता येत नाही. कनेक्शन तुटल्यावर किंवा डिस्क भरल्यावर चालणारा कोड टेस्टमध्ये मुद्दाम चालवून घ्यावा लागतो, आणि नेमका तोच बहुतेक वेळा राहून जातो.