गुगल सर्चमध्ये कोणाच्या जाहिरातीला वरची जागा मिळते?

तर मंडळी, आधी एक गैरसमज काढून टाकू, की ज्याने जास्त पैसे टाकले त्याची जाहिरात वर. एकेकाळी हे खरंच असं होतं. 1998 मध्ये गोटू डॉट कॉम नावाचं सर्च इंजिन आलं, पुढे त्याचंच नाव ओव्हर्चर झालं, तिथे ज्याची बोली, म्हणजे एका क्लिकसाठी लावलेली रक्कम, मोठी तो वर, आणि जेवढी बोली तेवढेच पैसे दर क्लिकला जायचे. मग काय, दोघं जण दिवसभर एकमेकांवर थोडी थोडी बोली चढवत बसायचे, आणि एकाने दमून खाली आणली की दुसराही लगेच खाली. शोधणाऱ्याला काय हवंय, याचा विचारच नाही!

2002 मध्ये गुगलने बोलीसोबत त्या जाहिरातीवर लोक किती क्लिक करतात हेही धरायला सुरुवात केली, आणि सगळा खेळच बदलला.

आता हे बघा, समजायला सोपे आकडे घेऊ. एकाची बोली 10, जाहिरातीचा दर्जा 4, गुणाकार 40. दुसऱ्याची बोली फक्त 6 पण दर्जा 8, म्हणजे 48. वर कोण? दुसरा. आणि त्याला 6 पण द्यावे लागत नाहीत, 40 ला मागे टाकण्यापुरतेच द्यायचे, म्हणजे 40 भागिले 8, पाचपेक्षा किंचित जास्त. हा लिलाव प्रत्येक सर्चला नव्याने होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. आजचं गणित याहून बरंच गुंतागुंतीचं आहे, माणूस कुठून शोधतोय, मोबाईलवर आहे का, नेमके कोणते शब्द टाकलेत, सगळं त्यात येतं, पण गाभा हाच.

दर्जा म्हणजे तीन गोष्टी, क्लिक होण्याची शक्यता, जाहिरात शोधाला किती लागू पडते, आणि क्लिकनंतर उघडणारं पान. लोक मार खातात ते या तिसऱ्यात. कुणीतरी 'गळका नळ दुरुस्ती' शोधतो, जाहिरातीतही तेच लिहिलंय, आणि क्लिक केलं की उघडतं कंपनीचं होमपेज, वर मोठा फोटो, खाली आमच्याबद्दल, नळाचा कुठे पत्ता नाही, फोन नंबर शोधायला तळापर्यंत स्क्रोल करा. तो माणूस मागे फिरणारच ना! क्लिकचे पैसे मात्र गेले. अशा वेळी बोली वाढवत राहणं म्हणजे गळक्या भांड्यात पाणी ओतणं, आधी नळाच्या कामाचं वेगळं पान करा, नंबर वरती ठेवा.

अजून एक, समोर स्पर्धक कुणीच नसला तरी वरची जागा फुकटात पदरात पडत नाही, त्याला किमान पात्रता लागते, ती नसेल तर जाहिरात खाली जाते किंवा दिसतच नाही. गुगलच्या जाहिरात खात्यात 1 ते 10 असा क्वालिटी स्कोअर, म्हणजे दर्जाचा आकडा, दिसतो, तो फक्त दुखणं कुठे आहे ते कळण्यासाठी, लिलावात तो आकडा थेट वापरत नाहीत, तिथे दर्जा त्या त्या वेळी नव्याने मोजतात.

आणि जाहिरातीवर कितीही खर्च करा, खालच्या बिनपैशाच्या रिझल्टमध्ये तुमची साइट त्यामुळे एक जागाही वर सरकत नाही, सरकते असं सांगून कुणी पॅकेज विकत असेल तर सरळ नाही म्हणा.