चारशे की सहाशे? आधी साखर उचलून बघा

(पक्ष्यांचे फोटो काढायला कोणती लेन्स घ्यावी, ह्यावर पक्षी सप्ताहात पुण्यातल्या एका पक्षीमित्र गटासमोर बोललो होतो, ते रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलंय. प्रश्नोत्तरं जिथल्या तिथे मिसळून टाकलीत.)

नमस्कार मंडळी. टेबलावर साखर आणि पोहे बघून काहीजण माझ्याकडे संशयाने बघतायत, नाश्ता नाहीये तो, नाश्ता नंतर आहे. ह्या पिशवीत दोन किलो साखर आहे आणि ह्या दुसऱ्या पुडीत अर्धा किलो पोहे, वर साधारण सव्वाशे ग्रॅम शेंगदाणे. लेन्सा मी मुद्दाम बॅगेतच ठेवल्यात, कारण लेन्स समोर दिसली की माणसाचं डोकं बंद पडतं, हे मी स्वतःवरून सांगतोय.

साखर म्हणजे आपल्या सगळ्यांच्या स्वप्नातली ती सहाशेची झूम, म्हणजे ६०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स; हा आकडा जितका मोठा तितका लांबचा पक्षी फोटोत मोठा दिसतो. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी १,९३० ग्रॅम, टॅमरॉनची जी-टू २,०१०, सोनीची २००-६०० ट्रायपॉडला लावायचा पाय काढून २,११५, निकॉनची डीएसएलआरवाली (आरशाच्या कॅमेऱ्याची) २००-५०० त्या पायाच्या कॉलरसकट २,३००. पोहे-शेंगदाणे म्हणजे कॅननची आरएफ १००-४००, ६३५ ग्रॅम. ह्यात बॉडी, म्हणजे कॅमेरा, धरलेली नाही, ती वेगळी.

आता कुणीतरी पुढे या आणि साखर डाव्या तळव्यावर घेऊन डोळ्यासमोर धरा, कोपर छातीला टेकवून, आणि मनात साठ मोजा. या ताई, तुम्हीच या. (ताईंनी अठ्ठेचाळीसपर्यंत मोजलं आणि पिशवी खाली ठेवली.) हे का करायला लावलं सांगतो. वेडा राघू तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, तारेवर बसतो, झपकन उडून किडा पकडतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागेवर येऊन बसतो, मग किडा तारेवर आपटतो. तो फोटो हवा असेल तर तो परत यायच्या आधी लेन्स डोळ्याला लावून तयार पाहिजे, आला की उचलतो म्हणाल तर किडा पोटात गेलेला असतो. आणि तो कधी दहा सेकंदात येतो, कधी दीड मिनिटाने. हात भरून आला की आपण लेन्स खाली घेतो आणि राघू नेमका तेव्हाच येतो, ह्याला कुणी नशीब म्हणतं, मी वजन म्हणतो. लेन्स पोर्टेबल आहे का हे मी बॅगेत मावते का ह्यावरून ठरवत नाही, किती वेळ डोळ्याला लावून ठेवता येते त्यावरून ठरवतो.

मी स्वतः काय केलं होतं, तर २०१४ साली, जेव्हा ह्या स्वस्तातल्या १५०-६०० नव्या नव्या आल्या होत्या, तेव्हा एक घेतली. त्याआधी माझ्याकडे ७०-३०० होती आणि प्रत्येक फोटोत पक्षी म्हणजे ज्वारीचा दाणा. सहाशे आली आणि पहिले चार रविवार मी राजा होतो. सिंहगडाच्या दरीत सकाळी उतरायचं, चार तास चालायचं, गळ्यात तीन किलोचा ऐवज. पाचव्या रविवारी मान धरली. मग हळूहळू सुरू झालं, आज काय विशेष दिसायचं नाही, आज नुसती दुर्बीणच नेतो, आज पाऊस येईल. पावसाळाभर लेन्स कपाटात, तीही बॅगेत बंद करून, आणि दिवाळीच्या सफाईत काढली तर आत काचेवर बुरशी, अगदी कोळ्याचं जाळं पडल्यासारखी. म्हणजे खांद्याचे पैसे गेले आणि लेन्सचेही गेले.

तर प्रश्न असा की सहाशेने नक्की किती फरक पडतो. हिशेब सोपा आहे, सातवीतला. राघू साधारण १८ सेंटिमीटरचा धरा, १५ मीटरवर बसलाय. ४०० च्या लेन्सने सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, त्याची प्रतिमा पडते ४.८ मिलिमीटरची. क्रॉप सेन्सरची (फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या सेन्सरपेक्षा छोट्याची) उंची १५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फ्रेमचा एक तृतीयांश पक्षी. ६०० ने तोच ७.२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अर्धी फ्रेम. फरक आहेच, नाही म्हणत नाही. पण हाच फरक तुम्ही १५ मीटरवरून १० मीटरवर गेलात तरी पडतो. पाच मीटर! ह्या हॉलच्या भिंतीपासून त्या पंख्यापर्यंत. ते पाच मीटर बसून, थांबून, पक्ष्याला सवय होऊ देऊन कमावता येतात बहुतेक वेळा. सलीम अलींचे मित्र लोके वान थो, सिंगापूरचे सिनेमाधंद्यातले बडे असामी, त्यांनी पक्ष्यांचे जे फोटो काढले ते आडोसा बांधून, हाइडमध्ये तासन्‌तास बसून. त्या काळी हाइड हीच टेलिफोटो होती.

मात्र इथे एक गोष्ट कडक शब्दात सांगतो. जवळ जा म्हणजे घरट्याजवळ जा असं मी अजिबात म्हणत नाहीये. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या येतो, रायगडचा जिल्हापक्षी, जेमतेम १३ सेंटिमीटरचा, आणि त्याच्या बिळासमोर लोक छोट्या लेन्सा घेऊन पाच-सहा मीटरवर रांग लावून बसतात, तो बिचारा तोंडात मासा किंवा पाल घेऊन अर्धा अर्धा तास फांदीवर ताटकळतो. लेन्स कमी पडत असेल तर पक्षी फ्रेममध्ये लहान येऊ दे, काही बिघडत नाही. भोवतालचं जंगल दिसलं तर उलट फोटो चांगला होतो, हे माझं मत.

आता वजन येतं कुठून ते बघू, म्हणजे दुकानदार काय सांगतो ह्यावर अवलंबून राहायला नको. एफ नंबर म्हणजे भागाकार आहे, लेन्सचे मिलिमीटर भागिले प्रकाश आत यायच्या भोकाचा व्यास; म्हणून मिलिमीटरला एफ नंबरने भागलं की भोक मिळतं. ४०० भागिले ५.६, म्हणजे ७१ मिलिमीटरचं भोक. ४०० भागिले ८, म्हणजे ५०. सहाशे एफ ६.३ म्हणजे ९५, आणि ती सहाशे एफ ४, जी आपण फक्त उजनी धरणाच्या पाण्यावर, भिगवणच्या होडीत दुसऱ्याच्या मांडीवर बघतो, ती १५० मिलिमीटर. पुढची काच तेवढी मोठी पाहिजेच, त्यातून सुटका नाही, आणि काच जड असते. म्हणून हलकी लेन्स म्हणजे कुठेतरी प्रकाश सोडलेला आहे हे समजून घ्या. आरएफ १००-४०० शेवटच्या टोकाला एफ ८ आहे, ५.६ च्या निम्मा प्रकाश. कॅननच्या ६०० आणि ८०० एफ ११ ह्या तर त्याच्याही पलीकडे, ९३० आणि १,२६० ग्रॅम, वजनाला मस्त, पण ॲपर्चर, म्हणजे ते भोक, बदलतच नाही आणि ८०० वाली सहा मीटरच्या अलीकडे फोकस होत नाही. बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर आला तर तुम्हाला शेजाऱ्यांच्या घरात जाऊन फोटो काढावा लागेल.

प्रकाश न सोडता वजन कमी करायची एक वाट निकॉनने पीएफ लेन्सांमध्ये काढली, त्यात फ्रेनेलचा भिंग वापरतात, कडी-कडीचा, दीपगृहात असतो त्याच जातीचा. ३०० एफ ४ पीएफ ७५५ ग्रॅम. त्याला १.४ चा कन्व्हर्टर (लेन्सचे मिलिमीटर १.४ पट करणारी जोड) लावा, १९० ग्रॅम, आणि एक किलोच्या आत ४२० एफ ५.६ तयार. ५०० एफ ५.६ पीएफ २०१८ साली आली, १,४६० ग्रॅम, मी सध्या हीच वापरतो, सेकंडहँड घेतलीय, आणि घरी किंमत अजून पूर्ण सांगितलेली नाही त्यामुळे हे रेकॉर्डिंग जरा जपून फिरवा. तोटा एकच, सूर्य किंवा दिवा फ्रेममध्ये आला की भोवती विचित्र रंगीत कडी येतात. सूर्यास्तात उडणारे रोहित काढायचे असतील तर ही लेन्स तुमची नाही.

दुसरी वाट म्हणजे सेन्सरच छोटा घ्यायचा. ऑलिंपसची १००-४००, १,१२० ग्रॅम, मायक्रो फोर थर्ड्स ह्या छोट्या सेन्सरवर फुल फ्रेमच्या ८०० एवढी चौकट देते. पॅनासॉनिकची १००-३०० तर ५२० ग्रॅम. अंधारात नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, लवकर येतो, हो, पण साठीच्या पुढच्या मंडळींना मी डोळे झाकून हेच सांगतो, आणि त्यातल्या एकानेही अजून माझ्याकडे तक्रार केलेली नाही.

एका काकांनी विचारलं की मग निकॉन पी१००० (लेन्स अंगचीच असलेला झूम कॅमेरा) का नको, ३००० मिलिमीटर आहे म्हणतात. काका, नको असं नाही. १,४१५ ग्रॅमचा आहे, दूरच्या झाडावरचा शिकरा आहे की कापशी हे ठरवायला फार छान, दुर्बीण आणि वही एकत्र असल्यासारखा. पण सेन्सर नखाएवढा, आणि ३००० वर तुम्ही पक्ष्याचा फोटो कमी आणि मधल्या हवेचा जास्त काढता. हे भिगवणला सगळ्यांनी अनुभवलंय, सकाळी सातला चित्रबलाकाचं पीस न्‌ पीस दिसतं, आणि दहा वाजले की तोच पक्षी त्याच अंतरावर पाण्याखाली असल्यासारखा हलतो. गरम हवेचे थर मध्ये आले की लाखाची लेन्स असो की दहा लाखांची, काही उपयोग नाही. तेव्हा कॅमेरा ठेवायचा आणि कुंभारगावात मासे खायचे.

भिगवणवरून आठवलं. होडीत ट्रायपॉड नेऊ नका, होडी हलते ती ट्रायपॉडसकट हलते. होडीत झूम लागतेच, कारण रोहितांचा थवा दूर असतो पण कुरव डोक्यावरून जातात, आणि पाचशेची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेऊन बसलेला माझ्यासारखा माणूस त्या वेळी फक्त चोची काढतो. कर्नाळ्यासारख्या दाट झाडीत उलटं, तिथे अंतर कमीच असतं, पण प्रकाश इतका कमी की एफ ८ वाला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० वर जाऊनही रडतो. आणि सासवडकडच्या माळावर तुम्ही चंडोल आणि धाविक गाडीतूनच बघणार असाल, उतरणारच नसाल, तर मग माझं सगळं भाषण विसरा आणि खुशाल साखर घ्या. खिडकीवर बीन बॅग टाकायची, जुन्या जीन्सचा पाय कापून शिवायचा, आत किलोभर मूग. साबुदाणा भरू नका, ओला झाला की काय होतं ते मी करून बघितलंय.

आणखी एक, स्टॅबिलायझेशनवर लोकांचा फार भरवसा असतो. ते तुमचा हात थांबवतं, पक्षी थांबवत नाही. पुण्याजवळच्या कवडीच्या बंधाऱ्यावर धोबी बसलेला असतो, तो शेपूट हलवायचं थांबतो का कधी? एक साठांश सेकंदाच्या शटरला दगड एकदम शार्प येतो आणि शेपूट म्हणजे धूर. बसलेल्या पक्ष्यालाही एक हजारांशच्या आसपास ठेवा, तेवढा प्रकाश असेल तर. म्हणूनच कॅननची जुनी ४०० एफ ५.६, १९९३ ची, १,२५० ग्रॅम, जिच्यात स्टॅबिलायझेशन मुळीच नाही, ती अजून उडत्या पक्ष्यांसाठी लोक शोधत असतात. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या लाटेत डीएसएलआरच्या लेन्सा बाजारात बऱ्याच निघाल्यात, पहिली लेन्स घेणाऱ्या कॉलेजच्या मुलांना मी तिकडेच बघायला सांगेन. फक्त साडेतीन मीटरच्या अलीकडे तिचा फोकस नाही, हे लक्षात ठेवा.

सेकंडहँड घेताना काय बघायचं हे दोघांनी विचारलं. स्वतःची बॉडी घेऊन जा. मोबाइलचा टॉर्च मागून लावून पुढून तिरकं बघा, धूळ असली तर असू दे, प्रत्येक लेन्समध्ये असते, पण धागे किंवा जाळी दिसली तर नमस्कार करून निघा. झूम असेल तर तोंड खाली करून धरा, आपोआप घसरते का बघा. जवळचं-लांबचं असा दहा-बारा वेळा फोकस करा, अडखळतो का, आवाज करतो का. आणि विकणारा घाई करत असेल तर तुम्ही करू नका.

घरी आणल्यावर बुरशीचं काय, तर ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, नाहीतर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर, काटा ४०-५० च्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद गरम करून परत टाकायची, पण तो तवा पोळ्यांचा नको. कापडी बॅगेत बंद करून कपाटात टाकू नका, माझी तशीच गेली.

बाकी येत्या रविवारी सकाळी सहाला कवडीला जमतोय. माझी ५०० आणि एका मित्राची आरएफ १००-४०० असेल, ज्यांच्याकडे त्या त्या माउंटची, म्हणजे ती लेन्स बसेल अशी, बॉडी आहे त्यांनी स्वतःचं कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी आणा, प्रत्येकाला अर्धा तास मिळेल. चक्रवाक आलेत असं काल कळलं. बंधाऱ्यावर चालताना पट्टा गळ्यात नको, आडवा खांद्यावरून घ्या, आणि पाय जपून टाका, तिथे शेवाळ आहे.