गुडघ्यातला कृत्रिम दोर

(दृश्य: रेशीमबाग मैदान, कबड्डीचा सराव)

चढाईत पाय मातीत रुतला आणि अंग मात्र वळलं, की गुडघ्यात 'कट्' वाजतं. दोनेक तासांत गुडघा सुजून टम्म. बहुतेकदा एसीएल, म्हणजे मांडीचं हाड नडगीला बांधणारं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा), तुटलेलं असतं.

(दृश्य: धंतोली, ऑपरेशन थिएटर. ट्रेमध्ये पांढरा पट्टा)

तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायचं हे पॉलिस्टरचं कृत्रिम लिगामेंट, 'लार्स', मूळ फ्रान्सचं. वीण जवळून पाहा. हाडात पाडलेल्या बोगद्यात जाणारी टोकं घट्ट विणलेली. सांध्यात राहणारा मधला भाग मात्र सुट्या, आडवा धागा नसलेल्या तंतूंचा. या तंतूंना पीळ दिलेला असतो, म्हणून डाव्या गुडघ्याचं उजव्याला चालत नाही.

अशा कृत्रिम दोरांत ताकदीचा प्रश्न नव्हताच. तरुण माणसाचं एसीएल सुमारे २,१६० न्यूटन, म्हणजे जवळपास २२० किलोंचा ताण सोसतं. १९८० च्या दशकातला गोअर-टेक्सचा दोर त्याच्या दुपटीहून जास्त सोसायचा. तरी टिकला नाही. झिजलेला धागा शरीराला दुरुस्त करता येत नाही. गुडघा वाकला की दोर बोगद्याच्या काठाशी घासतो, विहिरीच्या काठाला दोर घासावा तसा. सुटलेले कण सांध्याच्या अस्तराला चिडवतात, पाणी भरतं, बोगदा रुंदावतो. कार्बनचे तंतू तर तुटून सांध्यात काळा थर सोडायचे.

(दृश्य: हॅमस्ट्रिंग टेंडनची घडी, मोजपट्टी)

म्हणून पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या टेंडनलाच, म्हणजे मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला. चौपदरी घडीची जाडी निदान ८ मिलिमीटर भरावी. आत बसवल्यावर रक्तपुरवठा नसल्यानं ते काही आठवडे उलट कमजोर होतं, मग वर्षभरात लिगामेंटसारखं घडतं. मैदानावर परतायला किमान ९ महिने. कृत्रिम दोर पहिल्या दिवसापासून पूर्ण ताकदीचा. पोलीस भरतीची तारीख तोंडावर आलेल्या पोराला भुरळ पडणारच!

दोन-तीन लिगामेंट एकदम तुटली आणि स्वतःची टेंडन पुरेनात, तिथे कृत्रिम दोर कामाचा. कधी टेंडनच्या जोडीला आधार म्हणून बारीक कृत्रिम टेपही ओवतात. ती गुडघा पूर्ण सरळ ठेवूनच ताणायची. वाकलेल्या गुडघ्यात आवळली, तर पाय पूर्ण सरळ होत नाही आणि सगळा भार टेपच घेते.

कृत्रिम दोराच्या गुडघ्यात वारंवार पाणी भरू लागलं, तर एमआरआय टाळू नये. बोगदा फार रुंदावला असेल तर दोर काढून आधी त्यात हाड भरतात, ते जुळेपर्यंत काही महिने थांबतात, आणि मग दुसरं ऑपरेशन.