तोफेवरचं नाव

(दृश्य : अलिबागचा किनारा, सकाळची ओहोटी. घोडागाड्या ओल्या वाळूतून कुलाबा किल्ल्याकडे निघालेल्या.)

पाणी उतरायला लागलं की अलिबागच्या किनाऱ्यावर एकच गडबड उडते. "चला ताई, चला दादा, भरतीच्या आत परत आणून सोडतो!" घोड्याच्या पोटापर्यंत पाणी, गाडीत चार-पाच माणसं, मांडीवर पोरं आणि समोर कुलाबा किल्ला.

आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोड्या पाण्याचा तलाव आहे. पण गर्दी होते ती तटावर, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या दोन तोफांपाशी. पोरं त्यांच्यावर घोड्यावर बसावं तशी बसतात. आमच्या गाडीवाल्यानं छाती पुढे काढून सांगितलं, "साहेब, या आंग्र्यांच्या तोफा." किल्ला आंग्र्यांचा, मग तोफा आणखी कुणाच्या असणार? आम्हीही मान डोलावली. आणि मग कॅमेरा जवळ नेला.

(दृश्य : तोफेवरची उठावाची अक्षरं, अगदी जवळून. एक बोट अक्षरांवरून सरकतं.)

डॉसन, हार्डी, फील्ड. लो मूर आयर्न वर्क्स. यॉर्कशायर, इंग्लंड. आणि साल, १८४९.

१८४९ मध्ये आंग्र्यांचं राज्यच उरलं नव्हतं. त्यांचं कुलाबा संस्थान कंपनी सरकारनं त्याआधीच खालसा केलं होतं. म्हणजे ज्या तोफांना आपण आंग्र्यांच्या म्हणून हात लावतो, त्या आंग्रे संपल्यानंतर आलेल्या.

लो मूर हा इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डजवळचा लोखंडाचा कारखाना. १७९१ मध्ये सुरू झाला. नेपोलियनच्या लढायांनी युरोप पेटला आणि इथे तोफा आणि गोळे ओतायचा धंदा बरकतीला आला. या कारखान्याच्या मूळ भागीदारांत जोसेफ डॉसन म्हणून एक गृहस्थ होते. पेशानं धर्मोपदेशक. चर्चमध्ये उभं राहून प्रवचन करणारे. पुढे ते लोखंडात उतरले. अलिबागची ही तोफ ओतली गेली तोवर ते वारले होते, पण नाव चालू होतं.

आपल्याकडे लग्नात दिलेल्या तांब्यावर देणाऱ्याचं नाव घालतात. तसंच हे, ठळक, आपल्या मालाचा अभिमान असल्यासारखं. या धंद्यात असं नाव वाचायला मिळणं दुर्मीळ. एरवी किनाऱ्यावर माल उतरतो आणि नाव मागेच राहतं.

(दृश्य : राजापूर. अर्जुना नदी, वरून. मग बाजारपेठेच्या अरुंद गल्ल्या, जुन्या घरांची कौलं.)

राजापूर बातम्यांत येतं ते दोनच गोष्टींनी. एक म्हणजे गंगा अवतरली की, आणि दुसरी म्हणजे पावसाळ्यात बाजारपेठेत पाणी शिरलं की. आज खाडी गाळानं भरली आहे. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी हे कोकणातलं नावाजलेलं बंदर होतं. जैतापूरच्या मुखातून माल आत यायचा, इथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जायचा. मिरी, सुपारी, कापड. १६४९ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीनं इथे वखार घातली.

१६६० मध्ये या वखारीचा मुख्य होता हेन्री रेव्हिंग्टन. त्याचं ते एक वर्ष नीट पाहण्यासारखं आहे.

नोव्हेंबर १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखान पडला. मराठी फौजा कोकणात उतरल्या, खानाचा माल शोधत राजापूर-जैतापूरपर्यंत आल्या. त्या धामधुमीत वखारीचा एक इंग्रज त्यांच्या हाती सापडला. फेब्रुवारीत रेव्हिंग्टननं शिवाजी महाराजांना पत्र लिहिलं. आमचा माणूस सोडा, आपण दोस्त होऊ. आणि वर आमिष दाखवलं की जंजिऱ्याच्या सिद्दीचं दंडा-राजपुरी हे ठाणं घ्यायचं असेल तर आम्ही मदत करू.

फेब्रुवारी संपला, मार्च गेला. एप्रिलमध्ये हाच रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि कुलपी गोळे घेऊन राजापुरातून निघाला. कुठे? पन्हाळ्याला. कुणासाठी? वेढा घालून बसलेल्या आदिलशाही सरदारासाठी, सिद्दी जौहरसाठी. गडावर कोण होतं हे मराठी माणसाला सांगायला नको.

(दृश्य : अणुस्कुरा घाट. धुकं. जुन्या पायवाटेचे दगड.)

कुलपी गोळा म्हणजे नुसता लोखंडी गोळा नव्हे. आतून पोकळ, पोटात दारू, तोंडाशी वात. उखळी तोफेतून तो उंच उडवायचा, म्हणजे तटावरून पलीकडे, माणसांत जाऊन फुटतो. त्या काळात इकडे हे नवलाचं हत्यार होतं आणि ते चालवायला माणूसही विकणाऱ्याचाच लागायचा. म्हणून वखारीचा मुख्य स्वतः गेला. अशी जड तोफ घाट चढवायची म्हणजे किती बैल, किती माणसं, किती दिवस! मिरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसानं एवढी यातायात केली, ती काही आदिलशहावरच्या प्रेमापोटी नव्हे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी इंग्रजांचं निशाण लागलं आणि गोळे सुटले.

जुलैत महाराज वेढ्यातून निसटले, घोडखिंडीत बाजीप्रभू पडले. ते सगळ्यांना पाठ आहे.

शाळेत कमी सांगतात ते पुढचं. मार्च १६६१ मध्ये मराठी फौज राजापुरात शिरली. वखार लुटली, खणून काढली. रेव्हिंग्टन आणि त्याचे साथीदार पकडले गेले आणि महाडजवळच्या सोनगडावर रवाना झाले.

(दृश्य : सह्याद्रीतल्या एका गडाची वाट, करवंदाच्या जाळ्या. तटाचा ढासळलेला कोपरा.)

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे थोडं थांबतो. दारूगोळा विकणारा माणूस, ज्याच्यावर तो उडवला त्याच्या हाती लागला, असं इतिहासात कितीदा घडतं? सहसा विकणारा दूर असतो. गोळा पडतो तिथे त्याला कुणी ओळखत नाही.

गडावरून कैद्यांनी सुरतेला पत्रांमागून पत्रं धाडली. आम्ही कंपनीचे चाकर, आम्हाला सोडवा. सुरतेच्या वरिष्ठांचं १६६२ चं उत्तर इंग्रजांच्याच दप्तरात आहे. त्याचा मतलब असा : तुम्ही कैदेत का पडलात हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. कंपनीचा माल राखताना तुम्ही पकडले गेला नाहीत. पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचं म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं निशाण लावून गोळे उडवलेत, त्याचं हे फळ.

वाचायला बरं वाटतं. पण पुन्हा वाचा. गोळे उडवले याचं वरिष्ठांना दुःख नाही. दुःख आहे ते निशाण दिसल्याचं.

शेवटच्या कैद्यांची सुटका व्हायला १६६३ उजाडलं. आणि वखारीचं काय झालं? कंपनीनं नुकसानभरपाईचा दावा लावला. तो चिवटपणे अकरा-बारा वर्षं चालवला. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, हेन्री ऑक्झेंडन नजराणे घेऊन रायगडावर आला. तेव्हा ठरलेल्या तहात राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन, म्हणजे सोन्याची नाणी, कबूल करून घेतले. पन्हाळ्यावर गोळे पडले, त्याची भरपाई कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचंच निवेदन एकडोळी होईल. पुढे १६७१-७२ मध्ये जंजिऱ्यासाठी उखळी तोफा आणि गोळे हवेत म्हणून मराठ्यांनी मुंबईच्या याच इंग्रजांकडे मागणी केली. इंग्रजांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसतं झुलवत ठेवलं. मुघल रागावला तर सुरतेचा व्यापार बुडायचा. तोफा मग फ्रेंचांकडूनही घेतल्या गेल्या. ज्याला राज्य राखायचं आहे त्याला तोफ लागतेच. गिऱ्हाईक तर आपणही होतो.

(दृश्य : विजयदुर्ग. दारूकोठाराची जाड भिंत, आत येणारा उन्हाचा कवडसा.)

पण गिऱ्हाईक होऊनही दुकानदाराला ओळखणारी माणसं इथे होती. राज्यकारभार कसा करावा हे सांगणारी रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं अठराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यात दारूकोठाराचे नियम आहेत. कोठार राहत्या घराजवळ नसावं, दर आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून ऊन द्यावं, पुन्हा मुद्रा करून ठेवावी. आणि त्याच कागदात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांविषयी, बजावलं आहे की हे सावकारी करतात खरे, पण इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्यातल्या प्रत्येकामागे एक राज्य उभं आहे.

(दृश्य : दिवेआगर ते श्रीवर्धन, समुद्राला लागून जाणारा रस्ता. शेखाडीची वळणं. ड्रोन.)

हा रस्ता तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. इतका सुंदर रस्ता कोकणात दुसरा नाही, निदान आमच्या कॅमेरामनचं तरी तेच म्हणणं आहे. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच शेखाडीच्या किनाऱ्यावर रात्री आरडीएक्स उतरलं. चोरून सोनं-चांदी उतरवायची वाट आधीपासून मळलेली होती. कुणी डोळे मिटायचे, कुणी ट्रक द्यायचा, कुणी पाठीवर वाहायचं, हे सगळं ठरलेलं. त्याच वाटेनं हे आलं. खटल्यात कस्टम आणि पोलिसांतल्या माणसांनाही शिक्षा झाल्या. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली.

(दृश्य : हरिहरेश्वरचा खडकाळ किनारा. लाटा.)

आणि हे हरिहरेश्वर. ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदला दिवस. एक बेवारस नौका वाहत आली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. संध्याकाळपर्यंत जिल्हाभर नाकाबंदी. मग कळलं की घातपात वगैरे काही नाही. मस्कतहून युरोपला निघालेली नौका, जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि ती मात्र वाहत राहिली. बंदुका खासगी सागरी सुरक्षेच्या धंद्यातल्या. सगळे सुटकेचा निःश्वास टाकून दहीहंडीला गेले. भर समुद्रात भाड्यानं बंदुका पुरवायचा कायदेशीर धंदा आहे, ही बातमी कुणाला बातमीच वाटली नाही.

(दृश्य : रत्नागिरी तालुका, वाटदचा परिसर. कातळाचा सडा, काजूच्या बागा, दूरवर समुद्राची रेघ.)

आता वाटद. गणपतीपुळ्याहून जयगडकडे जाताना लागणारा हा मुलूख. इथल्या औद्योगिक क्षेत्रात सुमारे एक हजार एकरांवर स्फोटकं, दारूगोळा आणि छोटी शस्त्रं बनवण्याचा प्रकल्प उभा करणार, असं रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरनं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं. दहा वर्षांत दहा हजार कोटींची गुंतवणूक. मे २०२५ मध्ये ऱ्हाइनमेटल या जर्मन कंपनीबरोबरचा करार जाहीर झाला. वर्षाला दोन लाखांपर्यंत तोफगोळे, दहा हजार टन स्फोटकं, दोन हजार टन प्रणोदक, म्हणजे गोळा तोफेबाहेर ढकलणारी दारू. यातली स्फोटकं आणि प्रणोदकं ऱ्हाइनमेटललाही पुरवायची, म्हणजे माल परदेशी जाणार.

ऱ्हाइनमेटलचा शेअर युक्रेनवर हल्ला झाला त्या दिवशी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, शंभर युरोच्या आसपास होता. मार्च २०२५ मध्ये तो हजारावर गेला. तीन वर्षांत दसपट. कोकणातल्या कुठल्या बागेनं एवढं दिलं?

(दृश्य : एका घराचं अंगण. सुकत घातलेल्या काजूबिया. हातात विळी घेतलेल्या काकी. चेहरा न दाखवता, फक्त हात.)

आसपासच्या गावांत जमीन द्यायला विरोध आहे. सभा झाल्या, निवेदनं गेली. ज्या काकींच्या अंगणात आम्ही बसलो, त्या मात्र विरोधातही नव्हत्या आणि बाजूनंही नव्हत्या.

"पोरगा डोंबिवलीत हाय. हितं काम मिलालं तर येईन म्हनतो. यील तर बरंच हाय की."

काकी, पण इथे बनणार काय, ते सांगितलं का कुणी?

"देशाचं काम हाय म्हनले."

माल बाहेरही जाणार आहे, असं आम्ही सांगितलं. त्या बिया पालथ्या करत होत्या. हात थांबला नाही.

"मग फुटनार कुठं?"

(दृश्य : त्याच बिया. दहा सेकंद, निवेदनाशिवाय. मग जयगडची जेटी, फेरीबोटीत चढणाऱ्या गाड्या.)

संध्याकाळी जयगडहून तवसाळला जाणारी फेरी धरली. शूटिंग संपलं होतं. कॅमेरामन रेलिंगला टेकून फोन बघत होता. त्याला सहज विचारलं, तुझ्या एसआयपीत काय काय आहे रे? त्यानं ॲप उघडलं, खाली सरकवलं आणि हसला.

"एक डिफेन्स फंड आहे. मागच्या वर्षी घेतला. बायकोनं सांगितलं होतं."

वाढलाय का?

"वाढलाय ना. सगळ्यांत जास्त तोच."

आमच्यापैकी आणखी दोघांनी आपापले फोन काढले. बोट मध्यावर आली होती, एकदा रेंज यायची, एकदा जायची. पलीकडून तवसाळचा दिवा दिसायला लागला तसा खलाशी साखळी घेऊन पुढे आला आणि ओरडला, "गाड्या चालू करा!"

(दृश्य : फेरीची फळी धक्क्यावर टेकते. काळोख.)