पोकळी वर सरकते तेव्हा

(दृश्य: व्हीलचेअरच्या चाकावर दोन हात. ब्रेक लागतो. एक तळवा पलंगावर टेकतो आणि शरीर उचलून पलीकडे बसतं.)

कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या माणसाचं सगळं हातांवर चालतं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, दर काही तासांनी लघवी काढायची नळी, म्हणजे कॅथेटर, उंबरठा आला की खुर्चीची पुढची चाकं उचलायची. कुणी झाडावरून पडलेला असतो, कुणाला रस्त्यावर गाडीने उडवलेलं असतं. पाय गेले, आणि त्यांचं काम हातांनी अंगावर घेतलं. अशा माणसाची करंगळी अपघातानंतर आठ-दहा वर्षांनी बधिर वाटू लागते, तेव्हा ती किरकोळ तक्रार नसते.

पण धरली जाते किरकोळच. खांदा झिजला असेल. चाक ढकलून मनगटात नस दबली असेल. वय झालं. यातलं काहीही खरं असू शकतं, कारण चाक ढकलणाऱ्यांचे खांदे खरोखरच झिजतात. मात्र आणखी एक कारण असतं आणि ते तपासायचं राहून जातं. जुन्या जखमेच्या जागी मज्जारज्जूच्या आत पाण्याने भरलेली पोकळी तयार होते आणि हळूहळू वर सरकते. त्या पोकळीला डॉक्टर सिरिंक्स म्हणतात आणि आजाराला सिरिंगोमायलिया.

(दृश्य: एमआरआयचा पडदा. करड्या मज्जारज्जूच्या मधोमध पांढरा लांबट पट्टा.)

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती नितळ पाणी असतं. मोठ्या माणसात ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर भरतं, आणि शरीर दिवसभरात सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी ते पाठीच्या कण्यात वर-खाली हलतं. मणका मोडला की तिथे व्रण धरतो, मज्जारज्जू भोवतालच्या आवरणाला चिकटतो आणि पाण्याची वाट अडते. तो अडलेला दाब मज्जारज्जूला आतून उसवत नेतो, असं बरेच तज्ज्ञ मानतात. नेमकं कसं, यावर अजून वाद आहेत. खोकला, शिंक, शौचाला कुंथणं यांनी हा दाब एकदम वाढतो. म्हणून खोकल्यासरशी मानेत किंवा हातात कळ जात असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची.

उष्ण-थंड आणि वेदना यांची जाणीव नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात. पोकळी मधोमध वाढते, त्यामुळे पहिला घाव त्यांच्यावर बसतो. स्पर्शाची जाणीव नेणारे बरेचसे तंतू मागच्या बाजूने जातात, ते बराच काळ शाबूत राहतात. परिणाम असा, की चहाचा पेला हातात आहे हे नीट कळतं, पण तो पोळतो आहे हे कळत नाही. बोटावर फोड दिसतो, तेव्हा उलगडा होतो. ज्यांना सिरिंक्स आहे, त्यांच्या घरात स्वयंपाकाची भांडी, इस्त्री, आंघोळीचं पाणी यांची काळजी पायांपुरती ठेवून भागत नाही. ती हातांचीही घ्यावी लागते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. रुग्णालयातल्या खाटांची रांग, चाकाच्या खुर्च्या.)

हा आजार लक्षात यायला इतका उशीर का झाला, यामागचा इतिहास महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात मज्जारज्जू दुखावलेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनी, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमांनी (बेडसोर), किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाने लवकरच दगावत. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात डॉक्टर लुडविग गटमन यांनी या रुग्णांसाठी विभाग सुरू केला, आणि माणसं वर्षानुवर्षं जगू लागली. ती जगली, तेव्हाच इतक्या उशिरा उमटणारं हे दुखणं डॉक्टरांच्या नजरेत भरलं. कॅनडाचे मेंदूविकारतज्ज्ञ हेन्री बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्याकडे खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासून जखमी जवानांना सांभाळतं आहे. जिथे माणसं दुखापतीनंतर दशकांमागून दशकं जगतात, तिथे या पोकळीची आठवण ठेवावीच लागते. ती काही महिन्यांत होऊ शकते, तशी वीस-तीस वर्षांनीही होऊ शकते.

मज्जारज्जू दुखावलेल्या १०० जणांमध्ये साधारण ३ ते ४ जणांना तिचा त्रास जाणवतो. एमआरआय काढला, तर याहून कितीतरी जास्त जणांत ती दिसते, पण त्यांतल्या अनेकांना काहीही होत नाही. नुसत्या एमआरआयवरून घाबरून जाऊ नये, असं आम्हांला ठामपणे सांगायचं आहे. खरा प्रश्न बदलाचा आहे. जाणीव पूर्वी कुठवर होती, आज कुठवर आहे? पकड सैल झाली का? स्पाझम, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं, वाढले का? अंगाच्या एकाच बाजूला घाम फुटतो का?

या प्रश्नांची उत्तरं द्यायला जुनी नोंद हवी, आणि बहुतेक फायलींमध्ये ती नसते. डिस्चार्जच्या कागदावर बेडसोरबद्दल लिहिलेलं असतं, लघवीबद्दल लिहिलेलं असतं. या पोकळीबद्दलही एक ओळ असायला हवी. ती मिळेपर्यंत फिजिओथेरपिस्टकडून वर्षातून एकदा दोन्ही हातांची ताकद आणि जाणीव तपासून, तारीख घालून लिहून घ्यावी.

(दृश्य: फिजिओथेरपिस्ट टाचणीने तळहात तपासते आहे. शेजारी कागदावर खुणा.)

लक्षणं वाढत नसतील, तर अनेकदा नुसती देखरेख ठेवली जाते. वाढत असतील, तर न्यूरोसर्जन चिकटलेला व्रण सोडवून पाण्याची वाट मोकळी करतात, किंवा पोकळीत बारीक नळी, म्हणजे शंट, बसवून पाणी बाहेर काढून देतात. नळी तुंबू शकते, व्रण पुन्हा धरू शकतो आणि दुसऱ्यांदा ऑपरेशनची वेळ येऊ शकते. हे आधीच सांगितलेलं बरं. ऑपरेशनचा मुख्य हेतू घसरण थांबवणं हा असतो. हातांची ताकद काही जणांना परत मिळते, पण गेलेली जाणीव आणि जुनी कळ तितक्या सहज सुधारत नाहीत.

रोजच्या दिवसातही बदल करावे लागतात. श्वास कोंडून जोर लावणं टाळायचं, पोट साफ राहील असं खायचं, पलंगावरून खुर्चीत येताना सरकायची फळी वापरायची. बॅटरीवरची खुर्ची मागताना अनेकांना कमीपणा वाटतो, पण हात दुबळे होत असतील तर ती लवकर घेतलेली चांगली. आणि जुन्या-नव्या एमआरआयच्या सीडी, ऑपरेशनचे कागद, हातांच्या ताकदीची नोंद हे सगळं एकाच पिशवीत ठेवायचं. पुढच्या तपासणीत न्यूरोसर्जन आधी तेच मागतील.